व्यापारी आणि शेतकरी जोतीराव गोविंदराव फुले

१८८२ साली इंग्रज सरकारने देशातल्या शिक्षणाची चौकशी करण्यासाठी हंटर कमिशन नेमले. त्या कमिशनपुढे पुण्याहून एक इंग्रजी निवेदन गेले. तारीख होती १९ ऑक्टोबर १८८२. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, शेतकऱ्याच्या घामातून आलेला सारा वरच्या वर्गाच्या कॉलेजांवर उधळू नका, अशी रोखठोक मागणी त्यात होती. हे निवेदन आपल्या चळवळीत सर्वांना ठाऊक आहे. त्यावर शिबिरांतून व्याख्याने होतात, पोरे पाठ करून स्पर्धेत बोलतात. पण त्या निवेदनाच्या शेवटी, सहीखाली, जोतीरावांनी स्वतःची ओळख काय दिली आहे, तिकडे सहसा कोणी पाहत नाही. व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर, राहणार पेठ जुना गंज. बस्स, एवढीच ती ओळख.

त्या दिवशी जोतीरावांचे वय ५५ होते. भिडे वाड्यातली मुलींची शाळा काढून ३४ वर्षे झाली होती. महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढून झाल्या होत्या, 'गुलामगिरी' छापून झाली होती, सत्यशोधक समाज नऊ वर्षांचा झाला होता. शिक्षणाच्या कमिशनपुढे जाताना दुसऱ्या कोणीही स्वतःला शिक्षणतज्ज्ञ म्हटले असते, नाहीतर एखाद्या संस्थेचे संस्थापक-अध्यक्ष. जोतीरावांनी पहिला शब्द लिहिला व्यापारी.

आम्ही वकिली करतो. कागदाच्या शेवटी माणूस स्वतःला काय म्हणवून घेतो, हे पाहण्याची आम्हाला खोड आहे. प्रतिज्ञापत्रात नाव, वय, धंदा, राहणार असे ओळीने लिहावे लागते. धंद्याच्या जागी आमचे अनेक कार्यकर्ते समाजसेवा लिहा म्हणून सांगतात. मग घर कशावर चालते, असे आम्ही विचारले की हसून वेळ मारून नेतात. विधी महाविद्यालयात असताना आम्हीही हे निवेदन वाचले होते आणि सहीवरून तसेच पुढे गेलो होतो. ती सही आता पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येते. शाळा काढणारे जोतीराव आपण घरोघरी पोचवले. त्या शाळांसाठी पायपीट करून घरी आल्यावर जमाखर्चाची वही उघडून बसणारे जोतीराव मात्र आपल्या भिंतीवरच्या फोटोत नाहीत.

धंदा त्यांच्या घरात होताच. मूळ घराणे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. आजोबा शेटीबा पुण्याच्या बाजूला आले. त्यांची मुले पेशव्यांच्या वाड्याला फुले पुरवू लागली आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले. या कामाबद्दल ३५ एकर जमीन इनाम मिळाली होती. ती थोरल्या भावाने, राणोजीने, आपल्याच नावावर करून घेतली. कृष्णा आणि गोविंदराव या धाकट्या दोघांना काही मिळाले नाही. सामायिक मिळकत एकाने गिळावी आणि धाकट्यांनी हात चोळत बसावे, असली प्रकरणे आजही दिवाणी कोर्टात आठवड्याला एक तरी उभी राहते. गोविंदरावांनी भाजीपाल्याचे दुकान घातले आणि संसार उभा केला. ११ एप्रिल १८२७ ला जोतीरावांचा जन्म झाला आणि वर्षाच्या आतच आई चिमणाबाई गेली. पोराला वाढवले ते सगुणाबाईंनी.

गोविंदरावांनी पोराला शाळेत घातले, लोकांनी कान भरले तसे काढलेही. मग हातात खुरपे आले. गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोघांनी बापाला समजावले नसते, तर जोतीराव मळ्यातच राहिले असते. १८४१ ला ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले आणि १८४७ ला शिक्षण पुरे झाले. मधली ती मळ्यातली वर्षे वाया गेली असे चरित्रकार लिहितात. आम्हाला तसे वाटत नाही. मोट, पाट, बी, बाजारभाव हे त्यांच्या लिखाणात पुढे जे इतके बारकाईने येते, ते कुठल्या मिशनच्या शाळेत शिकवत नव्हते.

शिक्षण झाल्यावर सरकारी नोकरी सहज मिळाली असती. इंग्रजी जाणणारा शूद्र तेव्हा किती होता? पण ते त्या वाटेला गेले नाहीत. १८४८ ला शाळा काढली. १८४९ ला बापाने, जातीच्या आणि भटभिक्षुकांच्या दडपणापुढे हात टेकून, पोराला आणि सुनेला घराबाहेर काढले. नेसत्या वस्त्रानिशी हे जोडपे बाहेर पडले. उस्मान शेख यांनी आसरा दिला. हा प्रसंग आपण सभांमधून डोळ्यांत पाणी आणून सांगतो, पण दुसऱ्या दिवसाचे काय, हे सांगत नाही. दुसऱ्या दिवशी चूल पेटवायची होती. वडिलांच्या दुकानाचा आणि मळ्याचा आधार तुटला होता. शाळांमध्ये जोतीराव स्वतः नऊ-दहा वर्षे राबले. पुढे मिशनच्या मुलींच्या शाळेत काही काळ शिकवण्याची नोकरी केली. आणि मग ते धंद्यात पडले.

धंदा एक नव्हता. धातूच्या ओतकामाला लागणाऱ्या साच्यांची एजन्सी त्यांनी घेतली. भाजीपाला पुरवण्याचे काम केले. बांधकामाला दगड आणि चुना पुरवला. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी या नावाची कंपनी उभी राहिली आणि तिचा कारभार जोतीरावांनी पाहिला. येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा, खडकवासल्याचे धरण या कामांशी त्यांच्या कंत्राटदारीचे नाव जोडलेले आहे. पुण्याची माणसे पिढ्यान् पिढ्या खडकवासल्याचे पाणी प्याली. त्या पाण्यामागच्या दगडात महात्मा फुल्यांचाही घाम आहे, हे किती जणांना ठाऊक असेल?

कंत्राटदार हा शब्द आता बदनाम झाला आहे आणि उगाच झालेला नाही. म्हणून जोतीराव कंत्राटदार होते म्हटले की आपलीच माणसे अस्वस्थ होतात. आमच्या एका मित्राने तर हे भाषणात सांगू नका, विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल, असे सुचवले होते. लपवायचे काय आहे त्यात? उलट हा माणूस त्या खात्याच्या आतून फिरून आला आणि आत काय चालते ते त्याने जगापुढे मांडले. कालव्यावरचा अधिकारी वेळेवर पाणी सोडत नाही, शेतकऱ्याचे पीक वाळून जाते आणि साहेबाचा पगार मात्र चालू राहतो, हे 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये आहे. शेताला मोजून पाणी मिळावे म्हणून तोट्या बसवाव्यात, ही सूचनाही तिथेच आहे. तोटीचे गणित कवीला सुचत नाही. ज्याने पाट बांधला आहे आणि पाटाचे पाणी घेऊन पिकही काढले आहे, त्यालाच ते सुचते.

कारण शेतीही त्यांनी केली. मुठा कालव्याचे पाणी आले तेव्हा पुण्याच्या पूर्वेकडचे शेतकरी ते घ्यायला कचरत होते. नवे पाणी, नवी पट्टी, नवे साहेब. जोतीरावांनी मांजरीच्या बाजूला जमीन घेतली आणि कालव्याच्या पाण्यावर बागायत करून दाखवली. भाषण देऊन शेतकऱ्याला पटत नाही, बांधावरून दिसले की पटते, हे त्यांना माहीत होते. 'असूडा'च्या शेवटी जे उपाय आहेत, डोंगरातली माती अडवायला ताली-बंधारे घाला, तळ्यातला गाळ शेतकऱ्याला फुकट नेऊ द्या, चांगल्या जातीची मेंढरे-बकरी पैदा करा, विहिरींसाठी पाणी कुठे आहे ते शोधून नकाशे करा, ते सगळे मातीत हात घातलेल्या माणसाचे आहेत. आज पाणलोट म्हणून ज्याचे कौतुक चालते, ते १८८३ साली मराठीत लिहून ठेवलेले आहे. असो.

धंद्याने त्यांना पैशाबरोबर माणसेही दिली. सत्यशोधक समाज म्हटला की आपण पुण्याच्या पेठा आणि खेडी डोळ्यांपुढे आणतो. पण मुंबईत या समाजाचा मोठा आधार होता तो कामाठी समाजातल्या तेलुगू कंत्राटदारांचा. रामय्या व्यंकय्या अय्यावारू, नरसिंगराव सायबू वडनाला, जाया कराडी लिंगू, व्यंकू बाळोजी काळेवार ही ती नावे. पोलास राजन्ना लिंगू हे वकीलही होते, म्हणजे आमच्याच धंद्यातले. ही मंडळी आंध्रातून आलेली, गवंडीकाम आणि मजुरीतून वर चढलेली. जोतीराव बांधकामाच्या धंद्यात होते, म्हणून ही भाषेपलीकडची सोयरीक जुळली. समाजाला छापखान्यासाठी पैसा उभा राहिला तो यांच्या खिशातून. भटशाहीच्या विरोधात ग्रंथ छापायचे तर भटांचाच छापखाना शोधत फिरावे लागू नये, ही त्यामागची तळमळ.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती विरोधकांना आठवत नाही आणि आपल्याला अडचणीची वाटते. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला. जामीन हवा होता १०,००० रुपयांचा. त्या काळचे दहा हजार! पुण्यातल्या सनातनी सावकारांनी काय केले, ते त्यांचे त्यांना माहीत. जामीन राहिले ते रामशेठ बापूशेठ उरवणे, जोतीरावांचे सत्यशोधक स्नेही, जोतीरावांच्या शब्दावरून. डोंगरीच्या तुरुंगातून सुटल्यावर सत्कार करायलाही सत्यशोधक पुढे होते. आम्ही रोज जामीनकीची कामे करतो. ऐपतीचा दाखला घेऊन दुसऱ्यासाठी कोर्टात उभे राहणारा माणूस मिळवणे किती अवघड असते, ते आम्हाला विचारा. सख्खा भाऊ मागे सरतो. टिळकांनी पुढे या उपकाराची परतफेड कशी केली, ते इतिहासात आहे.

आता म्युनिसिपालटीकडे वळू. १८७६ ते १८८२ जोतीराव पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात यायचे होते. त्यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला. सगळे सभासद सरकारने नेमलेले, विरोध कोण करणार? बत्तीस जणांत एकट्या जोतीरावांनी विरोधी मत दिले. हा पैसा गोरगरिबांच्या मुलांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. दारूच्या दुकानांविरुद्धही ते लढले. मंडईच्या भव्य इमारतीवर पैसा घालण्याला त्यांनी विरोध केला, कारण तोच, आधी शिक्षण. ती मंडई रे साहेबांच्या नावाने बांधली गेली आणि पुढे तिलाच महात्मा फुले मंडई हे नाव पडले. जोतीरावांना यावर हसू आले असते, असे आम्हाला कधी कधी वाटते.

त्या एका मताचा विचार आम्ही कंत्राटदाराच्या बाजूने करून पाहतो. सभासदत्व सरकारने दिलेले. कामे सरकारी. बिले सरकारी कचेरीतून मंजूर व्हायची. ज्याचे बिल अडकू शकते, त्याने व्हाइसरॉयच्या हारतुऱ्याला हात आडवा घालायचा! १८८८ साली ड्यूक ऑफ कॅनॉटच्या मेजवानीला शेतकऱ्याच्या वेशात जाऊन हिऱ्यामोत्यांनी मढलेल्या पाहुण्यांसमोर खऱ्या हिंदुस्थानची गोष्ट सांगणारे जोतीराव आपल्याला पाठ आहेत, कारण त्या प्रसंगाचे चित्र चांगले निघते. लिटनच्या ठरावावरच्या मताचे चित्र निघत नाही. पण धोका तिथे जास्त होता.

इथे आम्हाला आमची एक गोष्ट सांगावी लागेल. काही वर्षांपूर्वी आमच्या भागात फुले जयंतीचा मोठा कार्यक्रम झाला. मंडप, माईक, जेवण, सगळा खर्च एका पुढाऱ्याने उचलला होता. त्याच्याच शिक्षणसंस्थेत मागासवर्गीयांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या होत्या आणि आम्ही त्यावर बोलणार होतो, आकडे काढून नेले होते. माईककडे जाताना आमच्याच एका कार्यकर्त्याने कानाशी येऊन सांगितले, वकीलसाहेब, आज तेवढे सोडून बोला. आम्ही तेवढे सोडून बोललो. टाळ्या पडल्या. गळ्यात हार पडला. पाठीमागे जोतीरावांचा फोटो होता. घरी येऊन कोट काढला तर आकड्यांचा कागद खिशात तसाच. वर्गणी देणारा माणूस आपली जीभही विकत घेतो, हे आम्ही कायद्याच्या कुठल्या पुस्तकात वाचले नव्हते.

जोतीरावांचा मंडप कोणी घालत नव्हते. म्हणून त्यांना काही सोडून बोलावे लागले नाही.

घरातले जोतीराव कसे होते? १८४० ला लग्न झाले तेव्हा ते तेरा वर्षांचे आणि नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांची सावित्री नऊ वर्षांची. या दोघांच्या कामाबद्दल आपण इतके लिहितो-बोलतो की त्यांचा संसारही होता, हे विसरून जातो. मूल झाले नाही. दुसरे लग्न कर, असा घोषा घरच्यांनी लावला. त्या काळी, खरे तर आजही, पुरुषाला यात काही वावगे वाटत नाही. दोष नवऱ्यात निघाला तर बायकोला दुसरा नवरा करू द्याल काय, असा उलटा सवाल जोतीरावांनी केला आणि तो विषय कायमचा मिटवला. आमच्याकडे घटस्फोटाची प्रकरणे येतात. मूल होत नाही म्हणून सुनेला माहेरी धाडलेली असते, नवऱ्याची तपासणी झालेलीच नसते. घरात बुद्धाची मूर्ती असते, जोतीराव-सावित्रीबाईंची तसबीर असते. फार बोलत नाही.

मग १८६३ साली त्यांनी आपल्याच घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. निमित्त एका ब्राह्मण विधवेचे होते. फसलेली, बाळंत झालेली, भीतीने मूल मारून विहिरीत टाकलेली. तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. फसवणारा मोकळा राहिला. शिक्षा सुनावणाऱ्या कोर्टाचे काम तिथे संपले, जोतीरावांचे तिथून सुरू झाले. १८८४ साली त्यांनी जे टिपण लिहिले, त्यात त्या गृहात तोवर ३५ विधवा बाळंत झाल्याची नोंद आहे. बहुतेक मुले जगली नाहीत, गर्भ पाडण्यासाठी आधी घेतलेल्या विषारी औषधांमुळे. पस्तीस बाळंतपणे! त्यांची उस्तवार सावित्रीबाईंनी केली आणि त्या घराचा खर्च धंद्याच्या मिळकतीवर चालला. दगड आणि चुना विकून आलेला पैसा कुठे जात होता, ते पाहा. १८६८ ला घराचा हौद अस्पृश्यांना खुला झाला. १८७७ च्या दुष्काळात धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम उभा राहिला. इतके करून स्वतःसाठी काय उरणार?

याच बालहत्या प्रतिबंधक गृहात काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला मुलगा झाला. १८७४ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी तो दत्तक घेतला. हाच यशवंत. वकील म्हणून सांगतो, ही साधी गोष्ट नव्हती. त्या काळच्या हिंदू कायद्यात दत्तक पुत्र दत्तक घेणाऱ्याच्याच वर्णाचा असावा लागे. माळ्याच्या घरात ब्राह्मणीच्या पोटचा मुलगा दत्तक, हे शास्त्रालाही मान्य नव्हते आणि शास्त्रावर चालणाऱ्या कोर्टालाही. ही जातीची अट काढून टाकण्यासाठी हिंदू कोड बिलात तरतूद केली ती बाबासाहेबांनी. १९५१ ला त्यांना मंत्रिपदाचा राजीनामा द्यावा लागला आणि १९५६ च्या दत्तक कायद्यात ही अट शेवटी गेली. आता दहाव्या कलमात जात विचारत नाहीत. (त्या कायद्याला आम्हा बौद्धांनाही हिंदूंच्या रांगेत बसवले आहे, ते दुखणे वेगळे.) बाबासाहेबांनी १९४६ ला शूद्रांवरचा आपला ग्रंथ जोतीरावांना अर्पण केला, ते आपण सांगतो. जोतीरावांच्या घरातला एक पोर कायद्यापुढे कसा उभा होता, हेही त्याला जोडून सांगितले पाहिजे.

जोतीराव हा धोका ओळखून होते. भाऊबंद आपल्यामागे यशवंताला घराबाहेर काढतील, हे त्यांना दिसत होते. राणोजीने बापाला कसे काढले, ते ऐकतच ते मोठे झाले होते. १० जुलै १८८७ ला त्यांनी मृत्युपत्र केले. हे मृत्युपत्र आम्ही अनेकदा वाचले आहे. ज्याला दत्तक म्हणून कायदा ओळखणार नाही, त्याला मृत्युपत्राने द्यायचे. पण त्यासाठी मिळकत स्वतःच्या कष्टाची असावी लागते. वडिलोपार्जित मिळकत अशी मनाला येईल तशी देता येत नाही. म्हणजे १८४९ ला बापाने नेसत्या वस्त्रानिशी बाहेर काढले, तेच इथे कामाला आले! घराण्याचे काही आलेच नव्हते, जे होते ते धंद्याचे आणि घामाचे. म्हणून यशवंताला देता आले.

पण त्या मृत्युपत्रात एक अट आहे आणि ती वाचताना आम्ही दर वेळी थांबतो. यशवंत लायक निघाला नाही, तर मिळकत त्याला न देता शूद्र जातींतल्या दुसऱ्या एखाद्या लायक मुलाला द्यावी, असे जोतीरावांनी लिहून ठेवले. आपल्या पोरावर जीव होता त्यांचा, त्याला शिकवायला त्यांनी काही कमी केले नाही. तरीही लायकीची अट घातली. मिळकत पोराची आहे, पण त्याआधी ती कामाची आहे, असा त्याचा अर्थ. आपल्या चळवळीत बापाची गादी मुलाकडे, संस्था सुनेकडे, ट्रस्ट जावयाकडे जातो. अशा एकाही घरात आम्ही हे कलम पाहिलेले नाही, आणि असले दस्त आम्ही बरेच केले आहेत.

११ मे १८८८ ला मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात लोकांनी त्यांना महात्मा म्हटले. दोन महिन्यांनी, जुलैत, पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. डॉ. विश्राम रामजी घोले औषधपाणी पाहत होते. उजवा हात चालेना, तर डाव्या हाताने लिहून 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पुरे केले. ४ फेब्रुवारी १८८९ ला यशवंताचे लग्न सत्यशोधक पद्धतीने लावले, हडपसरच्या सासने यांच्या मुलीशी. धंदा तोवर थांबला होता. कंत्राटातले पैसे समाजाच्या कामात गेले होते. मामा परमानंदांनी १८९० साली सयाजीराव महाराजांना या घराच्या ओढगस्तीबद्दल पत्र लिहिले. मदत आली ती जोतीराव गेल्यावर. धरणाला दगड पुरवणाऱ्या माणसाच्या घरात औषधाला पैसा नव्हता.

२८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. घराच्या मागे खड्डा करून देह मिठात पुरावा, अशी त्यांची इच्छा मृत्युपत्रात होती. वस्तीत तसे करता येणार नाही म्हणून नगरपालिकेने परवानगी नाकारली. ज्या नगरपालिकेत सहा वर्षे बसले, तिनेच. शेवटी दहन झाले. प्रेतयात्रा निघताना, जी भीती होती तेच झाले. टिटवे कोणी धरायचे यावर पुतण्याने हक्क सांगितला, दत्तक पोराचा अधिकार मानायला भाऊबंद तयार नव्हते. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या. त्यांनी टिटवे हातात घेतले, प्रेतापुढे चालल्या आणि स्वतः अग्नी दिला. रक्षा घरामागे आणून ठेवली. ती समाधी फुले वाड्यात आजही आहे.

पुढची सात वर्षे सत्यशोधक समाजाचे काम सावित्रीबाईंनी पाहिले. १८९३ च्या सासवडच्या परिषदेच्या अध्यक्ष त्याच होत्या. यशवंत डॉक्टर झाला आणि लष्करात नोकरीला लागला. १८९७ ला पुण्यात प्लेग आला तेव्हा सावित्रीबाईंनी त्याला बोलावून घेतले. हडपसरजवळ सासने यांच्या मळ्यात त्याने दवाखाना घातला. मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाडांच्या पांडुरंगाला प्लेग झाल्याचे कळताच सावित्रीबाई त्याला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या. पांडुरंग वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. डॉ. यशवंत प्लेगमधले काम संपवून पुन्हा नोकरीवर गेला आणि १३ ऑक्टोबर १९०५ ला वारला. मृत्युपत्रातली ती लायकीची अट लावण्याची वेळ कधी आली नाही.